खोटा जोडलेला लाल दिवा

जेवण झालं की रंगराव चौगुले शेडच्या मागं, जुन्या टायरांच्या आडोशाला पोतं अंथरतो आणि अर्धा तास आडवा होतो. सासुरवाडीचे पाहुणे आले तरी हा नेम मोडत नाही, आणि त्यावरून बायको आयुष्यभर बोलत आलेली आहे. पडल्या पडल्या घोरायला लागणारा हा माणूस. पण आज डोळे मिटतात आणि झोप काही येत नाही. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापतंय, हायवेवरनं कागलकडं जाणारे ट्रक एकामागं एक गुरगुरतायत, आणि रंगरावाच्या मिटल्या डोळ्यांपुढं एक लाल ठिपका आहे. तो जात नाही.

आता हा ठिपका कसला, ते आधी सांगायला पाहिजे.

शेडच्या समोर एक जुना स्किड लोडर उभा आहे. बुटकं, रुंद मशीन. चार चाकं, पुढं बकेट, आणि बकेट उचलणारे दोन लोखंडी हात दोन्ही अंगांनी. ड्रायव्हरनं समोरून, त्या दोन हातांच्या मधून आत चढायचं आणि समोरूनच उतरायचं. दोन्ही बाजूंना जाळी. मागची काच म्हणे अडचणीच्या वेळी निघते, पण ह्या मशीनची काच आधीच्या मालकानं कधीच पत्रा ठोकून बंद केलेली. रंगरावानं हे मशीन तीन महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलं. लेक तेजस्विनी त्या दिवशी संगं होती. तेवीस वर्षांची, आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलेली, आणि तोंडानं फटकळ. ती म्हणाली होती की चाललेल्या तासांचं मीटर बदललेलं दिसतंय, आप्पा, इंजिन उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. रंगरावानं चार लोकांत तिला गप्प केलं. मी इलाही मिस्त्रींचा चेला आहे, मला इंजिन उघडावं लागत नाही, मी कानानं ओळखतो, असं म्हणाला. सगळे हसले. पोरगी हसली नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. गेल्या पंधरा दिवसांत डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागायला लागला. इंजिनात तेलाचा दाब कमी पडला की लागतो तो. सकाळी गार इंजिनाला काही नाही. तासभर काम झालं, इंजिन तापलं, की आयडलला दिवा लुकलुकतो. रेस दिली की जातो. रंगरावानं ऑइल बदललं, फिल्टर बदलला, दिव्याला खबर देणारा इंजिनवरचा स्विच बदलला, मग जाड ऑइल घातलं. जाड ऑइलानं दोन दिवस दिवा गप्प राहिला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा डोळा मारायला लागला. एक काम मात्र त्यानं केलं नाही. स्विच काढून तिथं दाबाचं मीटर लावायचं आणि काटा कुठं थांबतो ते बघायचं. दहा मिनिटांचं काम. ते केलं असतं तर खरं काय ते कळलं असतं, म्हणूनच केलं नाही.

आज चार वाजता हा लोडर साखर कारखान्याच्या यार्डात जायचा आहे. तिथं गेल्या हंगामातल्या बगॅसचा ढीग आहे, उसाचा पिळून उरलेला भुसा, पावसानं दबून घट्ट झालेला, तीन मजले उंच. तो खालून पोखरत न्यायचा असतो. पायथा पोखरला की वर भिंत उभी राहते, आणि ती कधी पडेल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. त्यामुळं तिथं एकच नियम आहे. बकेट भरली की मशीन लगेच मागं घ्यायचं. इंजिन चालू आहे तोवर ड्रायव्हर सुरक्षित. भिंतीच्या पायाशी इंजिन धरलं, जागच्या जागी जाम झालं, तर समोर बगॅस, आणि बाहेर पडायची वाट समोरूनच.

लोडरवर तेजस्विनी बसणार आहे.

तिनं साफ सांगितलं होतं की दिवा लागत असेल तर मी यार्डात जाणार नाही. तिची एक परीक्षा ठरलेली आहे, आयटीआयत शिकवलेली. चाबी दिली की दिवा लागला पाहिजे, म्हणजे बल्ब जिवंत आहे. इंजिन चालू झालं की गेला पाहिजे, म्हणजे दाब आहे. आज सकाळी ती डिझेल आणायला गेली तेव्हा रंगरावानं तेलाच्या दिव्याची वायर स्विचवरनं सोडवली आणि बॅटरीच्या चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीला जोडली. आता चाबी दिली की दोन्ही दिवे लागतात, इंजिन चालू झालं की दोन्ही जातात. तेलाचा दाब असो, नसो, दिव्याला त्याचं सोयरसुतक नाही. तिची परीक्षा पास.

ती आली, चाबी फिरवली, अर्धा तास मशीन चालवून बघितलं. काय होतं, असं तिनं विचारलं. वायर सुटली होती, असं ह्यानं सांगितलं. मग ती जे बोलली तेच रंगरावाच्या जिवाला लागून राहिलंय. ती म्हणाली, "मी उगाच बोलले तेव्हा. तुमचा कान बरोबर होता, आप्पा."

दोन तासांचं तर काम आहे, असं रंगराव स्वतःला सांगतो. जाड ऑइल घातलंय. दोन तास निभेल. निभेल, निभेल, असं तो मनात म्हणत राहतो आणि म्हणता म्हणता ट्रकांचा आवाज लांब जातो, पत्रा तडतडायचा थांबतो, लाल ठिपका पसरत पसरत डोळाभर होतो.

समोर रंगाच्या पालथ्या डब्यावर इलाही मिस्त्री बसलेले आहेत.

काडीनं नखं कोरतायत. अंगात पांढरा शुभ्र सदरा. रंगरावाला एवढंच नवल वाटतं की चाचांचा सदरा पांढरा कसा. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण ईदेच्या दिवशीसुद्धा त्यांच्या बाहीला ग्रीसचा डाग असायचाच. तीन वर्षांपूर्वी त्यांना कबरस्तानात नेलं तेव्हा रंगरावानं स्वतः मूठभर माती टाकली होती, हे त्याला आठवतं, पण त्यात काही अडचण आहे असं वाटत नाही. चाचा आलेत, बसलेत, आता चहा सांगायला पाहिजे, एवढंच मनात येतं.

"दिवा कधी लागतो?" चाचा विचारतात. मान वर करत नाहीत.

रंगराव सांगतो की आता लागत नाही, दुरुस्त झालाय.

"ते नव्हं इचारलं. गार असताना लागायचा, का तापल्यावर?"

"तापल्यावर."

"रेस दिली की?"

"जायचा."

"मग तुला ठावं हाय की रं," चाचा म्हणतात, आणि काडी टाकून देतात.

रंगराव घाईघाईनं सांगायला लागतो. स्विच बदलला, फिल्टर बदलला, ऑइल जाड घातलं. एकेक गोष्ट सांगताना त्याचाच आवाज त्याला वकिलासारखा वाटायला लागतो. चाचा ऐकतायत की नाही कळत नाही. ते उठून चालायला लागलेत आणि रंगराव त्यांच्या मागनं बोलत बोलत चाललाय. शेडमधनं एक पाऊल टाकलं तर पायाखाली शहाबादी फरशी आहे. ही चाचांच्या घराची ओसरी. डावीकडं मोरी, मोरीवर तांब्याचा हंडा. स्वयंपाकघराचा पडदा चाचा बाजूला करतात, आणि आत, जिथं चाची भाकरी भाजायच्या, तिथं चुलीला लागून लोडर उभा आहे. बकेटमध्ये पीठ चाळून ठेवलंय. रंगरावाला ते बरोबरच वाटतं. एवढं मोठं मशीन दारातनं आत कसं आलं, असा प्रश्नसुद्धा त्याला पडत नाही.

पण डॅशबोर्डवर लाल दिवा लागलेला आहे.

चाबी बंद. बॅटरीची वायर काढलेली, ती खाली फरशीवर लोंबतेय. तरी दिवा लागलेला. रंगराव पुढं होऊन त्यावर तळहात ठेवतो, चाचांना दिसू नये म्हणून. उजेड बोटांच्या फटीतनं येतो. दुसरा हात ठेवतो. आता दोन्ही हात लालभडक दिसायला लागतात, आतली हाडं दिसतील इतके, आणि हात काढता पण येत नाहीत. त्याला भयंकर लाज वाटते. पन्नाशीचा माणूस, चार तालुक्यांत नाव असलेला मेकॅनिक, आणि उस्तादाच्या स्वयंपाकघरात चोरी लपवत उभा.

"हात काढ," चाचा शांतपणे म्हणतात. "मी पण असाच झाकायचो."

रंगराव हात काढतो. दिवा नाही. चूल नाही. उघड्यावर आहेत दोघं. उन्हानं पांढरी पडलेली दगडाची खाण, वर आभाळाचा चौकोन, आणि उतरत जाणारा कच्चा रस्ता. ही खाण रंगराव झोपेत काय, मेल्यावर पण ओळखेल. बावीस वर्षं झाली. तो मान दुसरीकडं फिरवतो, तर तिकडं पण तीच खाण आहे.

त्या खाणीचं असं झालं होतं. तिथं एक लोडर होता आणि त्याचा तेलाचा दिवा असाच तापल्यावर लागायचा. खाणमालक डोक्यावर बसला होता, आजच्या आज मशीन पाहिजे म्हणून. आणि लोडरचा ड्रायव्हर शिवाप्पा, संकेश्वरचा, तीस वर्षांचा गडी, तो म्हणत होता की दिवा गेल्याशिवाय मी खाली उतरवणार नाही. मग इलाही मिस्त्रींनी तेलाची वायर चार्जिंगच्या वायरीला जोडली. अख्ख्या हयातीत एकदाच त्यांनी असं केलं. डॅशबोर्डखाली अंधार होता म्हणून टॉर्च लागत होता. तो टॉर्च रंगरावानं धरला होता. दिवा गेला, शिवाप्पा हसला, चाचांच्या पाया पडला आणि मशीन घेऊन खाली गेला. चढावर भरल्या बकेटीनं इंजिन धरलं आणि मशीन मागं घसरलं, ते थेट तळाला, शिवाप्पासकट. सगळ्यांनी ब्रेकला दोष दिला. पोलिसांनी पण तसंच लिहिलं. महिन्याभरानं इलाही मिस्त्रींनी काम बंद केलं, डोळ्यांनी दिसत नाही म्हणाले. दिसत होतं. मरेपर्यंत ते चष्म्याशिवाय पेपर वाचायचे, रंगरावानं डोळ्यांनी बघितलंय. पण ह्या विषयावर दोघं एकमेकांशी एक शब्द कधी बोलले नाहीत.

आज चाचा बोलतात.

"त्याच्या घरी गेलतो मी," ते म्हणतात. "संकेश्वरला. सात डाव गेलो. दारापत्तोर जायचो. त्याची आई बाहेर यायची, कोण म्हणायची. वाटसरू हाय, पाणी द्या, म्हणायचो. पाणी पिऊन माघारी यायचो."

चाचा, तुमचा काय दोष, मालकाची घाई होती, असलं काहीतरी रंगराव पुटपुटतो. चाचा त्याच्याकडं बघतात. रागानं नाही. इतक्या दमलेल्या नजरेनं की रंगरावाला वाटतं, ह्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता घाई कुणाची हाय?" चाचा विचारतात. "मालक तर तूच हायस."

खाणीच्या मधोमध लोडर उभा आहे, डॅशबोर्डचं खालचं झाकण उघडं, वायरी लोंबलेल्या. चाचा सदऱ्याच्या खिशातनं टॉर्च काढतात. भर दुपारी पेटवतात आणि त्या वायरींवर धरतात.

"ह्या खेपंला टॉर्च मी धरतो," ते म्हणतात. "तू जोड."

रंगराव म्हणतो की मला जोडायचं नाही. तो हे तोंडानं म्हणतो आणि हात मात्र पुढं जातात. हातांना सगळं पाठ आहे. वायर सोलायची, पीळ द्यायचा, टेप गुंडाळायची. चाचांचा टॉर्च जरासुद्धा हलत नाही. बावीस वर्षांपूर्वी रंगरावाचा हलत होता आणि चाचांनी त्याला शिवी घातली होती. आता पीळ बसतो, टेप बसते, आणि रंगरावाला रडू येतं, पण हात थांबत नाहीत. हात आपले नाहीत असं कधी झालंय का तुम्हाला? नसेल झालं तर बरंच आहे.

टेपचा शेवटचा वेढा बसतो आणि खाणीची कड मऊ होते. दगडाची भिंत तपकिरी होते, तिला बारीक धागे फुटतात, आंबूस गोड वास येतो. ती वर वर चढते आणि आभाळाचा चौकोन झाकून टाकते. कारखान्याचं यार्ड. बगॅसची भिंत. लोडर भिंतीच्या अगदी पोटाशी जाऊन उभा, बकेट आत खुपसलेली, इंजिन चालू. केबिनमध्ये कुणाची तरी पाठ दिसतेय. निळा शर्ट. शिवाप्पाचा शर्ट निळा होता.

"ऐक," चाचा म्हणतात.

रंगराव ऐकतो. इंजिन आयडलला चाललंय. धड धड धड. त्याच्या खाली, खूप खोल, दुसरा एक आवाज आहे. जड, बोथट, ठोक्यावर ठोका. जसं शेजारच्या घरात कुणी उखळात कांडतंय आणि मधल्या भिंतीतनं ते आपल्याला ऐकू येतंय. बेअरिंग गेलेलं इंजिन असं बोलतं, आणि बेअरिंगचा तांबूस चुरा त्याच्या तेलात उतरतो.

मला ऐकू येत नाही, असं रंगराव म्हणतो.

"येतं," चाचा म्हणतात. "तुझ्या कानात खोट न्हाई, रंग्या. पयल्या दिवशीच ऐकलं हुतंस. मशीन घेताना."

आणि हे खरं आहे. हे रंगरावानं बायकोला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, स्वतःलासुद्धा नाही. त्या दिवशी, चार लोकांत बढाई मारून झाल्यावर, त्यानं इंजिनवर कान टेकला होता आणि हा ठोका त्याला स्वच्छ ऐकू आला होता. तेव्हाच सरळ उभं राहून म्हणायचं होतं की पोरगी म्हणतेय ते बरोबर आहे, नको हे मशीन. दोन वाक्यं. पण लोक नुकतेच हसले होते, तिच्यावर हसले होते, आणि आता ते आपल्यावर हसतील, एवढ्या एका भीतीनं त्यानं बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, एक नंबर इंजिन आहे. पंधरा दिवस तो दिव्याशी भांडत बसला, आणि दिवा बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता.

केबिनमधली पाठ वळते. तो शिवाप्पा नाही. तेजस्विनी आहे.

तिच्या डोक्यावर भिंतीतनं भुशाची एक बारीक धार सुटते, चाळणीतनं पीठ पडावं तशी. तिला ती दिसत नाही. तिनं मान खाली घातलीय, डॅशबोर्डकडं बघतेय. इंजिनचा आवाज जड होत चाललाय, ठोका वर येतोय, आणि ती दिव्याकडं बघून ठरवतेय की मागं घ्यायची घाई करावी का नाही. दिवा विझलेला आहे. म्हणून ती घाई करत नाही. बकेट आणखी भरण्यासाठी लिव्हर पुढं ढकलते. तिच्या चेहऱ्यावर भीतीचं नाव नाही, कारण आप्पांनी दुरुस्त केलंय.

रंगराव ओरडतो. आवाज निघत नाही. पळतो, पण पाय गुडघ्यापर्यंत बगॅसमध्ये आहेत. धार रुंद होते. तो चाचांना म्हणतो, काहीतरी करा, तुम्ही करा, माझं ती ऐकेल पण मला बोलता येईना. इलाही मिस्त्री काही करत नाहीत. ते फक्त रंगरावाचं मनगट धरतात, घट्ट, मिस्त्रीकीची जुनी पकड, आणि त्याला इंजिनाच्या बाजूला ओढतात. दुसऱ्या हातानं तेलाची पट्टी सर्रकन बाहेर काढतात, रंगरावाचा अंगठा तिच्यावर दाबतात आणि वरपासून खालपर्यंत फिरवतात. तेल उकळतं आहे. अंगठा भाजतो.

"सावलीत बघू नको," चाचा त्याच्या कानाशी म्हणतात. "उन्हात बघ."

आणि भिंत खाली येते.

रंगराव पोत्यावर उठून बसलेला आहे. अंग घामानं भिजलंय. टायर, पत्रा, ट्रकांचा आवाज, सगळं जिथल्या तिथं. फक्त त्या सगळ्याच्या मधून इंजिन चालू असल्याचा आवाज येतोय. तो स्वप्नातला आवाज आहे असं समजून तो क्षणभर थांबतो, आणि मग त्याला कळतं की हा खरा आहे. घड्याळात पावणेचार.

तो चप्पल न घालता पळतो. शेडच्या पुढं लोडर न्यायला ट्रेलर येऊन उभा आहे, फळ्या टाकलेल्या, आणि तेजस्विनी लोडर फळ्यांच्या रोखानं वळवतेय. रंगराव सरळ बकेटच्या पुढं जाऊन उभा राहतो आणि उजवा हात वर करतो. तिनं करकचून थांबवलं नसतं तर बकेट त्याच्या पोटात बसली असती. ती आतनं चिडून काहीतरी बोलते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, पण तोंडावरनं कळतं की बापाला बरंच काही ऐकवतेय. आयडलला आलेल्या इंजिनाखाली ठोका ऐकू येतो. आता तो न ऐकणं रंगरावाला जमत नाही.

तो हातानं खूण करतो, बंद कर. ती चाबी फिरवते. एकदम शांत होतं.

"दिवा खोटा आहे," रंगराव म्हणतो.

तिला कळत नाही. तो पुन्हा सांगतो, ह्या वेळी सगळं. वायर सुटली नव्हती, मीच सोडवली. चार्जिंगच्या दिव्याला जोडली, तू डिझेलला गेलीस तेव्हा. तुझी परीक्षा पास व्हावी म्हणून. इंजिनची बेअरिंगं गेलीत आणि ते मला घेतानाच कळलं होतं. ट्रेलरचा ड्रायव्हर तंबाखू मळता मळता थांबून ऐकतोय, त्याच्यासमोरच तो हे सांगतो. लाज वाटायची ती वाटतेच, कानशिलं तापतात, पण ती लाज असते तेवढीच असते. तिनं माणूस मरत नाही. मग रंगराव तिला शिवाप्पाचं नाव सांगतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडातनं बाहेर पडतं, आणि शेवटी शेवटी त्याला नीट बोलता येत नाही.

तेजस्विनी बेल्ट सोडते, दोन लोखंडी हातांच्या मधून खाली उतरते, आणि बापाकडं न बघता म्हणते, "मी बसले होते त्याच्यात, आप्पा."

"व्हय," रंगराव म्हणतो.

त्यानं डोळे पुसायला हात वर नेला तेव्हा तिचं लक्ष जातं. ती त्याचं मनगट धरते आणि हात खाली घेते. उजव्या हाताचा अंगठा वरपासून खालपर्यंत काळ्या तेलानं माखलेला आहे. ओला. रंगराव पण तो आत्ताच बघतो. ह्याच हातानं त्यानं तासाभरापूर्वी भाकरी खाल्लीय, भरीत खाल्लंय, आणि त्याआधी साबणानं हात घासून धुतलेत.

पट्टी कधी काढली होती, असं ती विचारते. आज काढली नाही, असं तो सांगतो. मग हे काय, असं ती विचारत नाही. वळते, इंजिनचं झाकण उघडते, तेलाची पट्टी बाहेर काढते, आपला अंगठा तिच्यावर दाबून वरपासून खालपर्यंत फिरवते, आणि बापाच्या हाताला धरून त्याला शेडच्या सावलीतनं बाहेर उन्हात आणते.

दोन अंगठे ती शेजारी शेजारी धरते. काळ्या तेलात बारीक, तांबूस कण्या चमकतायत, तिच्या अंगठ्यावर जेवढ्या, तेवढ्याच त्याच्या.